आपसी बदलीबाबत

तपासणीत थोरला जिंकला. पण ते कोणी जाहीरच केलं नाही, तेव्हा आपणही तसं काही झालंच नाही असं धरून चालू.

साठी उलटलेल्या दोघा भावांच्या मानेची सोनोग्राफी एकाच सकाळी झाली. थोरल्याची रक्तवाहिनी सत्तर टक्के बुजलेली, धाकट्याची जेमतेम चाळीस. तरी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली ती धाकट्याजवळ.

"दादांच्या रक्तवाहिनीत साचलेला थर चुन्यासारखा कडक आहे, तो जागचा हलायचा नाही. त्यांना सध्या गोळ्या पुरतील. तुमचा मात्र मऊ, चरबीचा. कधी फुटेल आणि तुकडा मेंदूत जाऊन अडकेल, सांगता येत नाही. आजच दाखल व्हा."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी खिडकीची जागा यालाच, दुधावरची सायही यालाच, आणि आता पलंगही यालाच!

"दादा, तोंड का पाडलंस? तीस मार्कांनी पुढे आहेस की!"

"गप्प बस. इथेही लाडका तूच."

धाकट्याला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं. बदल्यांच्या कचेरीत बत्तीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या थोरल्याने काउंटरवर कोरा कागद मागितला आणि लिहिलं:

"विषय: आपसी बदलीबाबत. माझ्या मानेतील कडक थर धाकट्या भावास देऊन त्याचा मऊ थर तातडीने माझ्याकडे वर्ग करावा. ज्येष्ठतेनुसार पहिला हक्क माझा आहे. भाऊ लहान असल्याने त्याची संमती घेतलेली नाही. तरी आजच मंजुरी मिळावी, ही विनंती."