हाडाचा खर्च

दादरच्या दवाखान्यात डॉक्टर इम्प्लांटचा खर्च समजावत होते आणि सुहासचा पारा चढत होता. आत बसवायचा स्क्रू वेगळा, वरचा दात वेगळा, आणि आईच्या जबड्याचं हाड झिजलंय म्हणून ते भरून काढायचे पैसे आणखी वेगळे.

"जागा फार वर्षं रिकामी राहिली की हाड झिजतंच," डॉक्टर म्हणाले. "दाढा कधी काढल्या, आजी?"

"गिरण्यांचा संप चालू होता तेव्हा," जाईबाई म्हणाल्या.

सुहास आईवरच उखडला. "आणि इतकी वर्षं तशीच राहिलीस? तेव्हाच दुसरे दात बसवून घ्यायला काय झालं होतं?"

"बसवून करायचं काय होतं रे? घरात चावायला होतं काय तेव्हा?"

"उगाच काहीतरी बोलू नकोस, आई. बाबांची गिरणी बंद होती, पण लालबागच्या त्या खोलीत आपण एक दिवस उपाशी झोपलो नाही. मला चांगलं आठवतंय, दोन्ही वेळ जेवायचो आपण."

जाईबाईंनी पदराने तोंड पुसलं.



"तुम्ही जेवायचात."