रिकाम्या गोठ्यातले गोचीड

जुनी म्हैस मेल्यापासून गोठा दीड वर्ष रिकामा होता. आसराबाईंना नवी म्हैस आणायची होती, पण गोचीड हटत नव्हते. चुना मारून झाला, भिंतीच्या भेगा जाळून झाल्या. गुरांच्या डॉक्टरांनी तीन औषधं बदलली. गोचिडांनी काहीच बदललं नाही. दर आठवड्याला भेगेत अंड्यांचा ताजा, चकचकीत पुंजका.

आज तीर्थपुरीहून पुन्हा आलेले डॉक्टर वैतागले. "मावशी, पोटभर रक्त प्याल्याशिवाय मादी अंडीच घालत नाही. इथं जनावर कुठंय?"

"न्हाईच ना! मंग हे कोणाचं रगत पिऊन राह्यले?"

डॉक्टरांचं लक्ष खुंट्याला बांधलेल्या जुन्या दाव्याकडे गेलं. दुसरं टोक मोकळं, तरी ते हवेत ताठ ताणलेलं होतं.

आसराबाई त्रासून आत शिरल्या. "सरक गं जरा," त्या सवयीनं म्हणाल्या.

दावं सैल झालं.