पायऱ्यांचे चार गुण

शिष्यवृत्ती परीक्षेला आठवडा उरला असताना इंगवले बाईंच्या मोबाइलवर थेट निकालच आला. शिक्षण खात्याच्या एआय यंत्राने वर्तवलेला कटऑफ सलग सहा वर्षं तंतोतंत खरा ठरल्याने यंदापासून परीक्षाच रद्द झाली होती. सराव चाचणीच्या गुणांवरून यंत्राने यादी लावली होती. कटऑफ एकशे बेचाळीस. वर्गातली सगळ्यांत हुशार अफरीन तांबोळी एकशे अडतीसवर बाहेर.

बाईंनी कपाटातून अफरीनचा त्या चाचणीचा पेपर काढला. मुलं गाफील राहू नयेत म्हणून सराव पेपर त्या नेहमी हात राखून तपासायच्या. अफरीनची गणितं बरोबर असूनही पायऱ्या गाळल्याबद्दल त्यांनी मुद्दाम चार गुण कापले होते.

तेवढ्यात अफरीन वही घेऊन आली.

“बाई, आता एकही पायरी गाळत नाही मी. परीक्षेत बघाच तुम्ही.”