डोळ्यांना दिसतंय की!

माझा नवरा वेंडेल चार महिने कॉम्प्युटर गेमसाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डांची तुलना करत होता. मेमरी किती, वेग किती, कोणतं जास्त तापतं, सगळ्याचा तक्ता आमच्या फ्रिजवर. त्याचा थोरला भाऊ ड्वेन सायकलीपासून बर्फातल्या मासेमारीपर्यंत जन्मभर त्याच्या पुढे. निदान गेममध्ये तरी वेंडेलला त्याला हरवायचंच होतं.

शेवटी कार्ड आलं. वेंडेलने ते स्वतःच्या हाताने बसवलं, आणि मग महिनाभर घरात दुसरा विषय नाही.

"अगं बघ तरी, पाणी कसं खरं वाटतंय!"

"वेग मोजलास का?"

"मोजायचं कशाला? डोळ्यांना दिसतंय की!"

रविवारी ड्वेन आपला कॉम्प्युटर घेऊन लढतीला येणार होता. सकाळी धूळ पुसताना माझ्या लक्षात आलं, स्क्रीनची वायर नव्या कार्डात नव्हतीच. ती कॉम्प्युटरच्या जुन्याच जागी खोचलेली होती. म्हणजे महिनाभर कार्ड नुसतं बसून होतं. मी गुपचूप वायर कार्डात खोचली आणि जेवणासाठी मांस-बटाट्यांची हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवली.

दुपारी दोघांनी एकच गेम चालवला. ड्वेनच्या सेकंदाला नव्वद फ्रेम, आमच्या एकशे तीस.

"मानलं रे तुला, धाकट्या," ड्वेन म्हणाला.

वेंडेल माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आला आणि हळूच कुजबुजला,



"बरं झालं गं, आज आपलं नेहमीपेक्षा जरा हळू चालत होतं. नाहीतर बिचाऱ्याला फार लागलं असतं."