चावलेलं नाणं

"धार आहे का त्याला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

पडद्यावर ढब्बूच्या बरगड्यांची जाळी दिसत होती आणि तिच्या खाली, पोटात, एक पांढरं वर्तुळ. वर्तुळाच्या एका बाजूचा तुकडाच नव्हता. उंदराने बिस्किट कुरतडावं तसं.

"साधं नाणं असतं तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. आपोआप पडतं बाहेर. पण हा कापलेला भाग धारदार असेल, तर आतडं फाटू शकतं. मग आत्ताच्या आत्ता भूल देऊन, दुर्बीण घालून काढायला हवं. आणि हा तर पोटभर दूध पिऊन आलाय. भरल्या पोटी भूल म्हणजे तोही धोकाच." त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "या फोटोत धार कळत नाही. नाणं तुम्ही पाहिलंय. तुम्हीच सांगा."

ढब्बू आईच्या कडेवर बसून तिच्या हातमोज्याचं बोट ओढत होता. नाणी हाताळताना घालायचा पांढरा सुती मोजा. धावपळीत एका हातातला निघाला होता, दुसऱ्यातला तसाच राहिला होता.

"धार कसली आलीय?" तिचे सासरे म्हणाले. "टाकसाळीतली चूक आहे ती. पत्र्यातून चकती कापतानाच तेवढा घास गेला आणि छाप वरून नंतर पडला. त्या दाबाखाली कड बोथट होते. म्हणून तर एवढं मोल त्याला. मी स्वतः तपासलंय, अस्सल आहे म्हणून गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. उगाच पोराला भूल-बिल देऊ नका." मग ते सुनेकडे वळले. "काय गं? सांग ना त्यांना."

तिने ढब्बूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. सासऱ्यांचा उभा जन्म नाणी पारखण्यात गेला होता. नातवाचं ढब्बू हे नावही त्यांनीच जुन्या जाड पैशावरून ठेवलेलं. भिंग कसं धरायचं, हेसुद्धा तिला त्यांनीच शिकवलं होतं.

आज सकाळी ते नाणं पाकिटात भरता भरता तिने सहज भिंगाखाली धरलं आणि तिचा हात थांबला. छाप नंतर पडला असता, तर तुटल्या जागेपाशी अक्षरं ओघळून फिकट व्हायला हवी होती. तसं काही नव्हतं. शेवटचं अक्षर भरल्या अंगाने, मधोमध कापलेलं होतं, सुरीने काकडी कापावी तसं. आणि कापाच्या खालच्या अंगाला दोऱ्याएवढी चमक, पात्याच्या धारेला असते तशी. बाबांचं चुकलंय, असं स्वतःशी म्हणायलाही तिची जीभ रेटेना. मोठ्या भिंगाखाली एकदा बघू, मगच बोलू, म्हणून ती कपाटाकडे वळली. परत येऊन बघते तो टेबलावरचा मखमलीचा तुकडा रिकामा, आणि ढब्बू टेबलाला धरून उभा. कधी नव्हे एवढा शहाण्यासारखा.

"बोट फिरवून पाहिलं होतं का कोणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"उघडं बोट लावत नाहीत नाण्याला," सासरे म्हणाले. "घामाचा डाग पडतो."

"बाबा," ती म्हणाली, "कापाजवळचं अक्षर पुरं आहे. कुठेही फिकटलेलं नाही. छाप आधी पडलाय. कोणीतरी नंतर कापलंय ते."

सासऱ्यांनी चष्मा काढला. पुन्हा घातला.

"आणि खाली चमक आहे."

"दिव्याची तिरीप असेल ती."

"तिरीप असेल तर नाणं कलतं केल्यावर हलते, असं तुम्हीच सांगितलं होतं. मी कलतं करून पाहिलं. नाही हलली."

"वा! म्हणजे आता मी तुझ्याकडे शिकायचं?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि तुझं चुकलं तर? भुलीत पोराला काही झालं तर? मग काय करशील?"

बाबांचंच बरोबर निघावं, आपलेच डोळे फुटके निघावेत, असं तिला मनापासून वाटत होतं. ढब्बूने मोजा उपसून काढला आणि विजयाने हवेत फडकवला.

"एकानेच काय ते सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळ नाहीये."

"धार आहे," ती म्हणाली.

ढब्बूला आत नेलं आणि दार बंद झालं. बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला सासरे. मध्ये ढब्बूची दुधाची बाटली. समोरून सफाईवाली पुसत गेली, दोघांनी पाय वर घेतले, पुन्हा खाली ठेवले. दाराआडून काहीच ऐकू येत नव्हतं. रडणंसुद्धा.

दार उघडलं तेव्हा ती उठलीच नाही. तिने आधी डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"निघालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठीक आहे तो. जागा होईल तसा भोकाड पसरेल, घाबरू नका. फक्त आई आत या." त्यांनी तिच्या हातात प्लॅस्टिकची एक डबी दिली. तिने ती न बघताच बाकावर टेकवली आणि आत धावली.

ढब्बूचे हातपाय गरम होते. ते पुन्हा पुन्हा चाचपून झाल्यावर तिने दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं.

सासऱ्यांनी डबी उघडली होती. त्यांच्या हातात मोजे नव्हते. नाणं त्यांनी दिव्याखाली नेलं नाही, खिशातलं भिंगही काढलं नाही. तळव्यावर ठेवून कापावरून सावकाश उघडा अंगठा फिरवला. अर्ध्यावर अंगठा थांबला. त्यावर उमटलेली लाल रेघ ते बघत राहिले.

मग त्यांनी तो अंगठा तोंडात धरला आणि बाकावर तसेच बसून राहिले. ढब्बू बसतो तसे.