छाप

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या आजोबांचा जीव की प्राण म्हणजे त्यांची स्मारक नाणी. डाग पडेल म्हणून सख्ख्या नातवंडांनाही ते त्यांना बोट लावू देत नसत. पण अंध मुलांच्या शाळेने नाणी दाखवायला बोलावलं, तेव्हा दाखवायचं म्हणजे हातातच द्यायचं, हे त्यांना वर्गात शिरल्यावर उमगलं. त्यांनी मुकाट्याने डबा उघडला.

मुलांची बोटं मुंगीच्या पावलांनी फिरू लागली.

"ह्याला पिळाची शिंगं आहेत!"

"काळवीट आहे तो."

"आणि हा दाढीवाला?"

"राजा. ह्यानेच काळविटांची शिकार बंद केली."

"मग दोघांना शेजारी ठेवा, भांडायचे नाहीत!" वर्ग खिदळला.

एक नऊ वर्षांची मुलगी मात्र राजाला सोडेना. कपाळ, नाक, हनुवटी, आणि पुन्हा कपाळ.

"आजोबा, नाण्यावर कुणाला काढतात?"

"ज्याला विसरू नये असं वाटतं त्याला, बाळ."

"खूप वर्षांनीही चेहरा असाच हाताला लागतो?"

"शंभर वर्षांनीसुद्धा."

 ती नाणं त्यांच्या तळहातावर ठेवून हळूच म्हणाली, "माझ्या आईचं एक काढायला सांगाल? तिला जाऊन दोन वर्षं झाली. आवाज आठवतो, पण माझ्या बोटांना तिचं नाक आठवेनासं झालंय."