पिंपातल्या साली

"खोटं बोलू नका. पोरीला बोअरचं पाणी पाजता की नाही?"

मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं. गोणपाट शिवणारी बाई तिसऱ्यांदा म्हणाली, "नाही, ताई. पिंपातलंच." म्हणताना तिने हातातला दाभण खाली ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत चाळीस पोती द्यायची होती.

मॅडमच्या हातात दोन कागद होते आणि दोन्ही एकमेकांशी भांडत होते. पहिला पाण्याचा. वस्तीच्या बोअरमध्ये शिसं होतं. शेजारचा बॅटरीचा कारखाना बंद पडला तेव्हा मालक यंत्रं घेऊन गेला, जमिनीत मुरलेलं तेवढं मागे ठेवून गेला. तेच पाणी मॅडमच्या निळ्या पिंपातून गाळलं की शिसं जवळजवळ नाहीसं होई. पिंपात होतं काय, तर बटाट्याच्या आणि गाजराच्या सुकवलेल्या साली. मॅडमच्या संस्थेच्या खानावळीतून त्या रोज दोन पोती निघत आणि उकिरड्यावर जात. साली पाण्यातलं शिसं ओढून घेतात आणि सोडत नाहीत, हे सिद्ध करण्यात मॅडमची सहा वर्षं गेली होती. लोक हसले होते, आता हसत नव्हते.

दुसरा कागद रक्ताचा. गोणपाटवालीची चिंगी चार वर्षांची. पिंप आल्यापासून तीन महिन्यांत तिच्या रक्तातलं शिसं दुप्पट झालं होतं. वस्तीतल्या अकरा पोरांपैकी नऊ जणांची तीच गत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की आकडा असाच चढला तर ही पोरगी अक्षरसुद्धा ओळखणार नाही आणि गेलेली बुद्धी परत आणायचं औषध नाही.

वजन मात्र सगळ्या पोरांचं वाढलं होतं. त्याचं श्रेय मॅडमनी कोणाला न विचारता घेऊन टाकलं. चांगलं पाणी मिळालं, पोटं सुधारली, अंगी लागलं.

उद्या समितीपुढे पिंप मंजूर व्हायचं होतं. आणखी चाळीस वस्त्यांना. म्हणजे ही बाई खोटं बोलत होती, एवढं तरी आज निघायलाच हवं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते मॅडमच्या पिंपात नक्की नव्हतं.

त्यांनी झाकण उचललं. साली स्वच्छ, सारख्या पसरलेल्या. तोटी घट्ट. कोपऱ्यात नव्या सालींचं पोतं, तोंड सुतळीने बांधलेलं. मॅडमनी ते उचलून पाहिलं. जेवढं उरायला हवं तेवढंच उरलं होतं, मूठभरही इकडेतिकडे नाही. मॅडमची थोडी निराशा झाली.

भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला कागद होता. पाणी वरून हळू ओता. दर तिसऱ्या दिवशी जुन्या साली काढा. पोत्यातल्या नव्या साली भरा. तीनच ओळी. अडाणी माणसालाही कळाव्यात म्हणून त्यांनी मुद्दाम तीनच ठेवल्या होत्या. कागदाखाली कोळशाने रेघा ओढल्या होत्या, दर खेपेची एक. एकही खेप चुकलेली नव्हती. संस्थेतली शिकलेली पोरंसुद्धा इतक्या इमानाने नोंद ठेवत नाहीत, हे मॅडमच्या मनात आलं आणि त्यांना आवडलं नाही.

उंबऱ्यावर चिंगी बसली होती. गाल चांगले भरले होते. ती मॅडमकडे बघून हसली आणि अडखळत म्हणाली, "मावशी, आज... आज तिसरा दिवस."

"शाबास. कोणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला लागतं?" आई कौतुकाने म्हणाली. "हल्ली काही सांगितलं तर ध्यानात राहत नाही तिच्या. काकाचं नावसुद्धा विसरली परवा. पण तिसरा दिवस बरोबर कळतो. सकाळपासून वाटी घेऊन बसलीय."

चिंगीच्या मांडीवर खरंच वाटी होती. मॅडमनी ती पाहिली. चुलीवर पातेलं होतं, त्यावर झाकण होतं, झाकणाखालून वाफ येत होती. तेही पाहिलं. मग त्या भिंतीवरच्या आपल्या तीन ओळी पुन्हा वाचू लागल्या. दुसरी वाचून झाली. तिसरीवर जायच्या आधी त्या थांबल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी रोज साली निघत. निघाल्यावर त्यांचं काय करायचं, हे तिथे आजवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

"त्या जुन्या साली," मॅडमनी विचारलं. "काढल्यावर कुठे टाकता?"

"टाकता?"

बाईला प्रश्न कळला नाही. मग कळला आणि आज पहिल्यांदा तिच्या हातातला दाभण खाली पडला. आपल्यावर चोरीचा आळ येतोय, असं तिला वाटलं. ती उठली. पातेल्यावरचं झाकण बाजूला केलं, मॅडमना नीट दिसावं म्हणून. चिंगी वाटी पुढे करून उभी राहिली.

"नव्यांना हात नाही लावला, ताई, पोरीची शपथ. त्या पाण्याच्या. पाण्याचं काम पुरं झालं, की मगच शिजवतो."